ऑडिट कर्मकांड आहे म्हणून थांबू नका, छेद कुणी ठरवला ते विचारा

विद्यापीठ सुधारणांवर पीएच.डी.चा आराखडा लिहायला बसलात की मायकेल पॉवर यांचं ‘द ऑडिट सोसायटी’ (१९९७) कधी ना कधी समोर येणारच. लेखक लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हिशेबशास्त्र शिकवणारे, स्वतः सनदी लेखापाल. पुस्तक चांगलं आहे, वाचाच. पण आपण ते जसं वापरतो त्याबद्दल माझी तक्रार आहे, आणि थोडी पुस्तकाबद्दलही.

पॉवर यांचं म्हणणं थोडक्यात असं. १९८० नंतर ब्रिटनमध्ये ऑडिट कंपन्यांच्या हिशेबापुरतं राहिलं नाही. दवाखाने, शाळा, विद्यापीठं सगळीकडे शिरलं. तपासणारा प्रत्यक्ष काम कमीच बघतो. कामावर देखरेख करणारी व्यवस्था कागदावर नीट आहे ना, हे बघतो. मग संस्था एक तर कागद वेगळे आणि काम वेगळं ठेवते, नाहीतर कागदच कामाचा ताबा घेतात.

नॅकची समिती येण्याआधीचे महिने ज्यांनी कॉलेजात काढलेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. म्हणूनच आपण पॉवर यांचा हवाला देतो, ‘कर्मकांड’ हा शब्द लिहितो आणि थांबतो. अडचण इथेच आहे. कर्मकांड म्हटलं की वाटतं, समिती गेली, विषय संपला. पण आकडा मागे राहतो आणि त्याचे परिणाम माणसांना भोगावे लागतात.

इथलंच उदाहरण घेऊ. इगतपुरी तालुक्यात एक अनुदानित कॉलेज आहे असं समजा. कॉलेज आणि आकडे दोन्ही कल्पित. कार्यभार १६ शिक्षकांचा, मंजूर पदं १०, भरलेली ९. नॅकच्या निकषांत मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ शिक्षक किती, हे विचारलं जातं. उत्तर येतं ९० टक्के. तेच ९ जण कार्यभाराच्या तुलनेत मोजले तर ५६ टक्के. उरलेले तास तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीवाले प्राध्यापक घेतात. ते पूर्णवेळ नाहीत, म्हणून या आकड्यात नाहीत. बघा, कुणीही खोटं लिहिलेलं नाही. फक्त छेद बदलला.

हा छेद वर्गात ठरत नाही, मंत्रालयात ठरतो. नेट-सेट झालेल्यांना ४ मे २०२० ही तारीख पाठ असेल. करोनाकाळात राज्याच्या वित्त विभागानं त्या दिवशी खर्चकपातीचा शासन निर्णय काढला आणि नव्या पदभरतीवर बंदी आली. त्यात शिक्षणाच्या दर्जाची चर्चा नव्हती, तिजोरीचा हिशेब होता. तरी वर्गात कोण शिकवणार, याचं उत्तर त्यातून ठरलं.

पॉवर यांच्या देशातलं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. तिथल्या जुन्या विद्यापीठांतल्या शिक्षकांची पेन्शन योजना म्हणजे यूएसएस. ३१ मार्च २०२० च्या मूल्यांकनात तिची तूट १४.१ अब्ज पौंड निघाली. संप झाले, तरी एप्रिल २०२२ पासून लाभ कापले गेले. २०२३ च्या मूल्यांकनात त्याच योजनेत ७.४ अब्ज पौंड शिल्लक दिसली आणि एप्रिल २०२४ पासून लाभ पूर्ववत झाले. तीन वर्षांत असं काय घडलं? पुढच्या कित्येक दशकांत द्यायच्या पेन्शनची आजची किंमत काढताना व्याजदराचं गृहीतक धरावं लागतं. दर वाढले की देणं आकसतं. पहिलं मूल्यांकन तर करोनानं बाजार कोसळलेला असतानाचं. शिक्षकांच्या बाजूच्या अभ्यासकांनी तेव्हा घोषणांवर न थांबता ही गृहीतकंच तपासायला घेतली होती.

माझा पॉवर यांच्यावरचा आक्षेप हाच आहे. ते पडताळणीबद्दल भरपूर सांगतात, पण आकडा ज्या पायावर उभा असतो तो पाया कुणी घातला, याकडे त्यांचं लक्ष कमी जातं. आपल्याकडे तर पडताळणीआधीच निम्मा निकाल लागलेला असतो.

म्हणून ‘ऑडिटच नको’ ही मागणीही मला पटत नाही. अनुदानित कॉलेज लोकांच्या पैशावर चालतं, त्याचा हिशेब हवाच. उलट कार्यभाराचे तक्ते, पदमान्यतेचे आदेश, सीएचबीची देयकं एकत्र मांडली, तर तोच हिशेब शिक्षकांच्या बाजूनं बोलू लागतो. माहिती अधिकारात यातलं बरंच मागता येतं.

तेव्हा आराखड्यात ‘ऑडिट संस्कृती’ लिहिण्याआधी निवडलेल्या एका आकड्याला तीन प्रश्न विचारा. छेद कोणता? तो कुणी ठरवला? छेद बदलला तर कोण दिसू लागतं? सिद्धांताचं प्रकरण नंतर लिहिता येईल. आधी एका कॉलेजचा एक तक्ता मिळवा आणि तो दोनदा भागून बघा.