देयकाचे वाक्य आणि हरवलेला कर्ता

दूरध्वनीच्या जाळ्यावरून नाना सेवा पुरवावयाच्या आणि त्यांचा आकारही त्याच जाळ्यामार्फत वसूल करावयाचा, ह्यासाठी अनेक यंत्रणा एकमेकींशी जोडाव्या लागतात. ह्या जोडणीचा विचार आपल्याकडे अभियंत्यांनी व काही प्रमाणात कायद्याच्या अभ्यासकांनी केला आहे. भाषेच्या अभ्यासकाचे तेथे काम नाही, असा सर्वसाधारण समज दिसतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे ह्याच्या उलट आहे. ही जोडणी मुळात अर्थाच्या वहनाची आहे, आणि तिची कच्ची बाजू यंत्रात नसून ग्राहकास पाठविल्या जाणाऱ्या मराठी वाक्यात आहे.

१४ जुलै २०१३ रोजी भारतातील तारसेवा संपली. तारेत पोचविण्याचे एकक आणि आकारणीचे एकक बहुतांशी एकच होते, ते म्हणजे शब्द. ग्राहक खिडकीशी शब्द मोजी, एखादा खोडी, आणि किती पैसे कशासाठी द्यावयाचे हे ते देण्यापूर्वीच जाणे. पुढे एस्टीडी बूथवरील मीटरनेही हा प्रत्यक्षपणा राखला. बोलणाऱ्याच्या डोळ्यांदेखत आकडा चढत असे.

आजची स्थिती निराळी आहे. एखाद्याने कॉलर ट्यून घेतली असे समजू. एक यंत्रणा मागणी नोंदविते, दुसरी सेवा चालू करते, तिसरी वापराच्या नोंदी गोळा करून एका साच्यात आणते, चौथी दर लावते आणि पाचवी बॅलन्समधून रक्कम वळती करते. ह्या यंत्रणा पुष्कळदा निरनिराळ्या उत्पादकांच्या असतात. त्यांचा मेळ बसावा म्हणून टीएम फोरम ह्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सामायिक माहितीचे एक प्रतिमान सिद्ध केले. त्यात विकले जाणारे उत्पादन, त्यामागील सेवा आणि तिला लागणारे साधन ह्या तीन कल्पना काटेकोरपणे वेगळ्या केल्या आहेत. मराठी ग्राहकाच्या हाती मात्र ह्या तिन्हींसाठी ‘सेवा’ हा एकच शब्द येतो. म्हणजे यंत्रांनी आपसांत कोश ठरविला. ज्याचे पैसे जावयाचे, तो त्या करारात पक्षकार नाही.

परिभाषेचा प्रश्न नागपुरास नवा नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास डॉ. रघुवीर ह्यांचे परिभाषानिर्मितीचे कार्य येथून चालले होते, आणि १९५० मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या राजभाषा अधिनियमाने हिंदीबरोबर मराठीस राजभाषेचे स्थान दिले. त्या काळचा वाद, आणि त्यानंतर महाराष्ट्रात झालेले वादही, मुख्यतः नामांविषयीचे होते: अमुक शब्द संस्कृतोद्भव असावा की रूढ असावा. नामांचे कोश झाले. क्रियापदांकडे कोणी पाहिले नाही. आज अडचण तेथेच आहे.

ग्राहकास येणारा संदेश साधारणतः असा असतो: ‘आपल्या क्रमांकावर ही सेवा सुरू करण्यात आली आहे.’ ‘-ण्यात येणे’ ही रचना आपल्या प्रशासकीय मराठीची ओळखच होऊन बसली आहे. तीत कर्ता सांगावा लागत नाही, आणि बहुधा सांगितला जात नाही. सेवा कोणी सुरू केली? ग्राहकाने, त्याच्या हातून चुकून दाबल्या गेलेल्या कळीने, की कंपनीने? वाक्य ह्यावर मौन पाळते. लक्षणीय गोष्ट अशी की ग्राहकाची तक्रारही त्याच साच्यात उमटते. तो ‘पैसे कापले’ असे न म्हणता ‘पैसे कटले’ म्हणतो. ‘कापणे’ ह्या क्रियेस कापणारा लागतो. ‘कटणे’ आपोआप घडते. अकर्तृक वाक्याला अकर्तृक उत्तर मिळते, आणि तक्रारीस प्रतिवादीच उरत नाही. प्रीपेड ग्राहकाच्या बाबतीत हे विशेष जाचक होते. कारण त्याची रक्कम आधीच जमा असल्याने नकार देण्यासाठी बिलाचा क्षणही त्याच्या वाट्यास येत नाही.

नियामकांनी ह्या दोषाची अंशतः दखल घेतली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जुलै २०११ मध्ये व पुन्हा जुलै २०१३ मध्ये मूल्यवर्धित सेवांसाठी ग्राहकाची दुहेरी संमती आवश्यक ठरविली. ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी आवर्ती वसुलीपूर्वी किमान २४ तास सूचना देणे आणि तीत वसूल करणाऱ्याचे नाव व कारण सांगणे बंधनकारक केले. ही दुसरी तरतूद भाषिक दृष्ट्या अधिक मोलाची वाटते; कारण संमती किती वेळा घ्यावी एवढ्यावर न थांबता ती सूचनेत कोणकोणते घटक असावेत हे सांगते.

ह्यावर जागेची सबब पुढे केली जाते. तीत तथ्य आहे. एका लघुसंदेशात रोमन लिपीचे १६० संकेत मावतात, तर देवनागरीचे केवळ ७०. पण हिशेब करून पाहावा. वर दिलेले कर्तृहीन वाक्य, मोकळ्या जागा व पूर्णविराम धरून, ४७ संकेतांचे आहे. ‘ही सेवा आपण २ जुलै रोजी संदेशाने मागितली.’ हे वाक्य ४१ संकेतांचे आहे. त्यात कर्ता आहे, दिनांक आहे, मार्ग आहे. तरी ते आखूड आहे. तेव्हा कर्ता गळतो तो जागेच्या अभावी नव्हे, तर लेखनाच्या सवयीमुळे.

कोणी असाही आक्षेप घेईल की मागणी खरोखर ग्राहकाने केली की नाही, हे यंत्रणेस ठाऊक नसेल तर असे वाक्य लिहिता येणार नाही. आमच्या मते हाच त्या वाक्याचा मोठा गुण आहे. मागणी कोणत्या मार्गाने व केव्हा आली, ही नोंद पहिल्या यंत्रणेपाशी असावयास हवी. ती पाचव्या यंत्रणेपर्यंत व तेथून ग्राहकापर्यंत न पोचली, तर जोडणी अपुरी आहे असे समजावे. आणि ती मुळातच नसेल, तर आकारणीस आधार नाही. सकर्तृक वाक्य हे अशा रीतीने संपूर्ण जोडणीची कसोटी ठरते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी असे संदेश गोळा करून प्रयोगानुसार त्यांचे वर्गीकरण करावे, अशी सूचना येथे करावीशी वाटते. मोरो केशव दामले ह्यांच्या १९११ मधील व्याकरणापासून मराठीत प्रयोगविचाराची समृद्ध परंपरा आहे. ती परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपुरती न ठेवता, ज्या वाक्यांच्या आधारे रोज लोकांचे पैसे वळते होतात, त्या वाक्यांस लावून पाहणे हे आपल्या विभागाचेच काम होय.