पंथ सोडलेल्यांचा आवाज

पंथातून बाहेर पडलेल्या माणसाची गोष्ट सांगायला ध्वनिमाहितीपटाइतकं सोयीचं माध्यम नाही. सध्या तिची सर्वांत जास्त नासाडीही तिथेच होते आहे.

या प्रकाराचा पाया अमेरिकेच्या नॅशनल पब्लिक रेडिओने १९८१मध्ये घातला. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी गयानातल्या जोन्सटाउनमध्ये पंथप्रमुख जिम जोन्सच्या नऊशेहून अधिक अनुयायांचा विषाने अंत झाला. मागे उरल्या पंथाने स्वतःच करून ठेवलेल्या शेकडो तासांच्या टेप. त्यांतून ‘फादर केअर्स’ हा ध्वनिमाहितीपट उभा राहिला. शेवटच्या टेपवर क्रिस्टीन मिलर ही एकटी बाई जोन्सशी वाद घालते, मुलांना जगू द्या म्हणते आणि जमाव तिला गप्प करतो. वस्तीवर सत्ता कशी चालत होती हे त्या गलक्यातून कळतं. वेगळ्या भाष्याची गरज पडत नाही.

पुढे पॉडकास्टची लाट आली. ग्लिन वॉशिंग्टनने २०१७मध्ये ‘हेवन्स गेट’ केलं. विषय १९९७मध्ये कॅलिफोर्नियात सामूहिक आत्महत्या केलेल्या याच नावाच्या पंथातल्या ३९ जणांचा. वॉशिंग्टन स्वतः एका कडव्या, जगबुडीची वाट पाहणाऱ्या चर्चमध्ये वाढला, म्हणून त्याच्या प्रश्नांत कुत्सितपणा नाही. अवकाशयानात बसून परलोकी जाऊ असं मानणाऱ्यांना तो वेडे ठरवत नाही. तिथे सुख काय होतं ते विचारतो. माझ्या मते हाच या कलेचा कस. तिथल्या सुखाची चव ऐकणाऱ्याला लागली नाही, तर ‘मी कधीच फसलो नसतो’ असं म्हणत तो निवांत राहतो.

२०१८च्या ‘एस्केपिंग नेक्सियम’मध्ये कॅनडाच्या सीबीसीचा जॉश ब्लॉख सारा एडमंडसन या आपल्या बालमैत्रिणीची कहाणी सांगतो. ओळखीमुळे ती मोकळेपणाने बोलते. पण तीही वर्षानुवर्षं इतरांना नेक्सियम पंथात ओढत होती, आणि हे मित्राने विचारायचं म्हणजे अवघडच. तो विचारतो, तेव्हा मालिकेला धार येते.

त्यानंतरच्या बऱ्याच मालिका मात्र साच्यातून काढल्यासारख्या. घुमणारं संगीत, भाग संपताना अर्धवट सोडलेलं वाक्य, मध्येच गादीची जाहिरात. खरं गुपित पुढच्या पायरीवर कळेल, असं सांगून बाबा शिष्याला धरून ठेवतो. हे निर्माते श्रोत्याला त्याच युक्तीने धरून ठेवतात आणि त्यांना त्यात काही खटकत नाही. शिवाय बोलणाऱ्याने ही गोष्ट वकिलाला, पत्रकारांना, समुपदेशकाला सांगून सांगून गुळगुळीत केलेली असते. ती मोडायला हवी. पहाटे कोण उठवायचं, भांडी कोणाकडे असत, पैसे कोण मोजायचं, असं विचारलं की पाठ केलेलं थांबतं आणि माणूस आठवायला लागतो. संकलक नेमके तेच अडखळणं कापतात.

संमतीचा प्रश्नही आहे. हारुकी मुराकामीने टोकियोच्या सरीन हल्ल्यावर पुस्तक लिहिताना पीडितांना मजकूर दाखवून हवं ते गाळू दिलं. हल्ला करणाऱ्या ओम शिनरिक्यो पंथाच्या आजी-माजी सदस्यांशी बोलताना मात्र तो मध्येच अडवून वाद घालतो. ऐकून घेणं आणि अडवणं, दोन्ही यायला हवं. पॉडकास्टवाल्यांना बहुधा पहिलंच येतं.

आपल्याकडे पुण्यातच मोठा विषय आहे. रजनीशांचा आश्रम १९७४पासून कोरेगाव पार्कात, १९८१नंतर ओरेगॉनात. २०१८ची ‘वाइल्ड वाइल्ड कंट्री’ ही चित्रमालिका मरून वस्त्रं आणि रजनीशांची सचिव शीला यांतच रमली. आश्रमात वाढलेल्या मुलांना तिच्यात जवळपास जागाच नाही. त्या मुलांसाठी आवाजाचं माध्यम हवं होतं.

मराठीत पॉडकास्ट म्हणजे अजून बहुतेक दोन खुर्च्या आणि गप्पा. एखाद्या महाराजांचा मठ सोडलेला माणूस बोलायला तयार झाला, तरी घरचे अजून आत असतात आणि गाव आवाज ओळखतं. यंत्राने आवाज जाड-बारीक करता येतो, पण वऱ्हाडी किंवा मालवणी हेल झाकला जात नाही. नभोवाणीच्या रूपकांसारखं नटाकडून वाचून घेण्याची वाट आहे, पण ज्या अडखळण्यासाठी हा खटाटोप, तेच त्यात हातचं जातं. त्यापेक्षा ओळख उघड करायला राजी असलेला एकच माणूस मिळेपर्यंत थांबावं. घाई झालीच असेल, तर ती निर्मात्याला झालेली असते, त्या माणसाला नाही.