आठवी की ऐक?

ज्या गावात मोठा कवी जन्मला त्या गावात राहणाऱ्याची एक पंचाईत असते. मालगुंडला येणारा पाहुणा आधी गणपतीपुळ्याला जाऊन येतो, मग केशवसुतांचे स्मारक बघतो, गायवाडीच्या किनाऱ्यावर पॅण्ट दुमडून पाय भिजवतो आणि संध्याकाळी आमच्या ओटीवर चहाची बशी तोंडाला लावता लावता विचारतो, "मग मास्तर, तुम्हीही काही लिहीत असालच?" जणू इथल्या विहिरींना पाण्याऐवजी यमकेच लागतात! मी लिहीत नाही. तीस-बत्तीस वर्षे हायस्कुलात मराठी शिकवले. लिहिणाऱ्यांना नावे ठेवणे एवढेच मला येते. सभ्य भाषेत त्याला समीक्षा म्हणतात.

आजवर मी कवितांची समीक्षा केली, लग्नपत्रिकांतल्या शुद्धलेखनाची केली, सत्यनारायणाच्या प्रसादाचीही केली. मोटारीची मात्र केली नव्हती, कारण माझ्याकडे मोटार नाही. पण हे कारण खऱ्या समीक्षकाने सांगायचे नसते. कादंबरी न लिहिलेल्या माणसांनीच आजवर कादंबऱ्या झोडपल्या आहेत.

तर एके दिवशी पुण्याहून भाच्याचा फोन आला.

"मामा, गाडी घेतोय. जुनीच. दोन बघून ठेवल्यात. दोन्ही २०१५ च्या, दोन्ही पांढऱ्या, दोन्ही पेट्रोलवरच्या. एक स्कोडाची ऑक्टाव्हिया, एक ऑडीची ए-थ्री. तुम्ही सांगा कुठली घेऊ."

"अरे, मला मोटारीतलं काय कळतं?"

"आई म्हणते, मामाला विचारल्याशिवाय घ्यायची नाही."

अक्काचा हा विश्वास जुना आहे. १९७४ साली मी तिला शिवणयंत्र निवडून दिले होते, ते अजून चालते. त्या एका यंत्रावर माझी यंत्रशास्त्रातली सगळी कीर्ती उभी आहे. नाही म्हणण्याची सोय नव्हती.

पुस्तक कळले नाही तर शीर्षकापासून सुरुवात करावी, हा आमचा जुना रिवाज. ऑक्टाव्हिया हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ 'आठवी'. ऑडी हाही लॅटिनच. त्याचा अर्थ 'ऐक'. या दुसऱ्या नावामागे एक गंमत आहे. आउगुस्ट हॉर्ख नावाच्या जर्मन गृहस्थाला त्याच्याच कंपनीतून बाहेर पडावे लागले. १९०९ साली त्याने नवी कंपनी काढली, तर कोर्टाने सांगितले, तुझे आडनाव तुला वापरता येणार नाही. जर्मन भाषेत 'हॉर्ख' म्हणजे 'ऐक'. तेव्हा एका मित्राचा मुलगा कोपऱ्यात लॅटिनचा अभ्यास करीत बसला होता, त्याने सुचवले, तेच लॅटिनमध्ये म्हणा की! म्हणजे जगातल्या एका महागड्या मोटारीचे बारसे शाळकरी पोराने केले आहे. हे वाचून माझी मान ताठ झाली. शिवाय माझी उभी हयात आठवीच्या वर्गाला 'ऐक' म्हणण्यात गेली. या दोन गाड्यांवर माझ्याइतका अधिकारी माणूस महाराष्ट्रात दुसरा नसेल.

स्कोडाचा पूर्वेतिहास तर आमच्या धंद्याच्या आणखी जवळचा. व्हात्स्लाव क्लेमेंट हा चेक पुस्तकविक्रेता. त्याची जर्मन बनावटीची सायकल बिघडली. त्याने कंपनीला आपल्या चेक भाषेत पत्र लिहिले. उत्तर आले : आम्हांला समजेल अशा भाषेत लिहा. क्लेमेंट चिडला आणि १८९५ साली लाउरिन नावाच्या भागीदाराबरोबर त्याने स्वतःच सायकली करायला सुरुवात केली. त्याच कारखान्यातून पुढे मोटारी आल्या आणि १९२५ साली त्याला स्कोडाचे नाव मिळाले. मातृभाषेचा अपमान झाल्यावर आपण फार तर वर्तमानपत्राला पत्र लिहितो. या गृहस्थाने कारखाना काढला. पुढे काळाचा महिमा असा, की १९९१ पासून स्कोडा फोक्सवॅगनच्या घरात नांदू लागली. ऑडी त्या घरात आधीपासूनच होती. चेक सून आणि जर्मन लेक एका माजघरात आल्या.

आता संहितेकडे वळू. दोन्ही गाड्या आपल्या महाराष्ट्रातच जोडलेल्या. तेव्हाचे औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडाने २००१ साली ऑक्टाव्हिया जोडायला घेतली, २००७ पासून त्याच कारखान्यात ऑडीही जोडली जाऊ लागली. भाच्याने बघितलेल्या दोघींचे इंजिन १.८ लिटरचे, ताकद १८० अश्वशक्ती, गिअरबॉक्स सात गिअरची, आपोआप बदलणारी, दोन क्लचची. त्या क्लचपेटीची तब्येत आधी तपासून घे, असे रत्नागिरीच्या आमच्या मेकॅनिकने बजावले. आणि तो सल्लाही दोघींना सारखाच लागू. दोघींचा सांगाडा एकाच साच्यातला. कंपनी त्याला एमक्यूबी म्हणते. त्यात पुढच्या चाकांचा आस आणि पायाखालची पेडले यांच्यातले अंतर ठरलेले. बाकी लांबी, रुंदी, पाठ, पोट हवे तसे ओढून घ्यायचे.

हे वाचल्यावर मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. केशवसुतांनी परदेशी सॉनेट मराठीत आणले, तेव्हा तरी काय केले? चौदा ओळींचा साचा तेवढा ठरलेला. त्यात काय भरायचे हे ज्याचे त्याने बघावे. एकाच साच्यात उत्तम सुनीतेही झाली आणि नुसत्या मोजून भरलेल्या चौदा ओळीही. साचा सारखा म्हणून कवी सारखे होत नाहीत. तेव्हा 'दोन्ही एकच, स्वस्त असेल ती घे' असे फटकन म्हणणे ही समीक्षा नव्हे, तो आळस आहे.

तसे हे नाटक आपल्याकडे नवीन नाही. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या, तेव्हा प्लिमथ, डॉज आणि डिसोटो अशा तीन नावांनी जवळजवळ एकच मोटार विकली जायची. पुढची जाळी निराळी, बिल्ला निराळा. तरी डॉजवाले प्लिमथवाल्यांकडे बघताना भुवई जरा वर करीत असणार. माणसाला शेजाऱ्यापेक्षा वेगळे व्हायचे असते, पण फार वेगळे व्हायचे धैर्य नसते. बिल्ला त्यासाठीच असतो.

नव्या होत्या तेव्हा ऑक्टाव्हियाची किंमत २०१३ साली १४ लाखांच्या आतून सुरू झाली होती आणि ए-थ्रीची २०१४ साली २३ लाखांच्या आतून. दहा वर्षे वापरल्यावर भाच्याच्या हिशेबाने फरक तीन लाखांवर आला होता. पण ते तीन लाख त्याच्याजवळ नव्हते. ते कर्जाने यायचे होते, आणि पोरीच्या बारावीनंतरच्या खर्चाचे वर्ष समोर होते. म्हणजे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी एसटीची रात्रीची गाडी धरली आणि पुण्याला गेलो.

आधी ऑडी बघितली. खोटे कशाला बोला, मी भारावलो. दार लागले ते बँकेच्या तिजोरीसारखे. चावी दिल्यावर समोरच्या फळीतून पडदा असा हळूच वर आला, की टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. प्रत्येक बटण दाबताना बोटाला समजत होते, की आपण काहीतरी महत्त्वाचे दाबत आहोत. हा दिखाऊपणा नव्हे, ही कारागिरी आहे. आणि चांगल्या छपाईचे, कापडी बांधणीचे पुस्तक हातात घेताना मला जो आनंद होतो तो खरा असेल, तर हाही खराच आहे. ऑक्टाव्हियात सगळे होते, नीट होते, पण ते क्रमिक पुस्तकासारखे. चुका नाहीत, आणि मोरपीस ठेवावे असे एकही पान नाही.

पण हे सगळे पुढच्या सीटवरून. मी अक्काला म्हटले, "तू माग बस बघू."

अक्काचे वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही गुडघे बोलतात. ऑडीत शिरताना तिचे डोके वरच्या कडेला लागले. बसली, तेव्हा गुडघे पुढच्या सीटच्या पाठीला टेकले. तरी म्हणाली, "छान आहे हो." अक्का कुठल्याही गोष्टीला छान म्हणते, ती छान म्हणताना पदर कुठे जातो ते बघायचे असते. पदर कपाळाकडे गेला होता. मग ऑक्टाव्हियात बसवली. ती बसली, पाय पुढे केले आणि चक्क पिशवीतून जपमाळ काढली.

घरी येऊन मी आकडे बघितले. ए-थ्री ही ऑक्टाव्हियापेक्षा सुमारे २० सेंटिमीटर आखूड. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर पाच सेंटिमीटर कमी. डिकी तिची ४२५ लिटरची, हिची ५९०. आणि हिची डिकी मागच्या काचेसकट उघडते, म्हणजे आंब्याच्या पेट्या आणि फणस यांना आडवे-तिडवे करावे लागत नाही. मोठी बहीण स्वस्त आणि धाकटी महाग, असा हा व्यवहार. तीन लाख जास्त द्यायचे, ते आईची जागा कमी करायला! चालवणाऱ्याला आणि रस्त्यावरून बघणाऱ्याला मात्र महागडीचा लाभ पुरेपूर.

मी निकाल सांगितला. भाचा बोलेना. मग म्हणाला, "मामा, युरोपात ऑक्टाव्हियाच्या टॅक्सी असतात."

"असू देत. टॅक्सीवाला पैसे मोजून गाडी घेतो."

"तसं नाही हो." तो उठून गॅलरीत गेला. मीही गेलो. तिथे त्याने जे सांगितले ते मला ठाऊक होते, पण त्याला आठवत असेल असे वाटले नव्हते.

१९८८ सालचे लग्न, आमच्याच घरातले. अक्का मुंबईहून आठ वर्षांच्या या पोराला घेऊन निघाली, ती निवळी फाट्याला उतरली. पुढची एसटी आलीच नाही. मे महिन्याचे ऊन, एक ट्रंक, आणि सावलीला काही नाही. तेवढ्यात नात्यातल्यांची पांढरी फियाट आली. थांबलीसुद्धा. काच खाली झाली आणि आतून कोणी तरी म्हणाले, "जागा असती तर घेतलं असतं गं." मागच्या सीटवर रुखवत होते. साखरेचा ताजमहाल होता. काच वर झाली, गाडी गेली.

"त्या रस्त्याने आईला एकदा अशा गाडीतून न्यायचंय, की बघणाऱ्याने बघत राहावं," भाचा म्हणाला.

आता यावर कुठला समीक्षक काय बोलणार? चार वर्तुळांचा बिल्ला त्याला शेजाऱ्यांसाठी नको होता. पस्तीस वर्षांपूर्वी वर झालेल्या एका काचेला उत्तर म्हणून हवा होता. असल्या हिशेबात सेंटिमीटर चालत नाहीत. मी क्लेमेंटची गोष्ट सांगितली. अपमानाला उत्तर म्हणून जन्मलेली गाडी हवी असेल तर ती ही साधीच आहे, हे त्याला जरासे पटले. मग मास्तराचा आवाज काढून म्हटले, "अरे, ती फियाट वाईट का होती? बिल्ल्यामुळे? तिच्यात साखरेच्या ताजमहालाला जागा होती आणि माणसाला नव्हती म्हणून. तिला उत्तर म्हणून तू आणखी एक जागा नसलेली गाडी घेणार?"

तो बराच वेळ खालचा रस्ता बघत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी आठवी आली. ऐक राहिली. तिची आठवण काढून मी आजही थोडा हळहळतो. तो वर येणारा पडदा काही डोळ्यांसमोरून जात नाही.

मे महिन्यात मंडळी मालगुंडला आली ती तासभर उशिरा. भाच्याचा चेहरा पडलेला. गाडीचे दार उघडले आणि सुकटीचा घमघमाट ओटीपर्यंत आला. झाले होते असे, की निवळी फाट्याला एक बाई पोराला घेऊन उन्हात उभी होती, आणि अक्काने गाडी थांबवायला लावली. बाईबरोबर तिची सासू, आणि सासूबरोबर सुकटीची टोपली. सगळ्यांना जागा झाली. ५९० लिटर म्हणजे नेमके किती, ते भाच्याला त्या दिवशी कळले.

दोघींना घाटीशी उतरवताना सगळ्या वाडीने बघितले होते. साहजिकच पाचच मिनिटांत गडग्यापलीकडून शेजारीण ओरडली, "काय वो अक्का, टॅक्सी केलीत काय? भाडा किती घेतलान?"

भाच्याने माझ्याकडे असे बघितले, की मी टीकाकाराचा पेशा सोडावा. अक्का पायरीवर टेकत म्हणाली, "माझ्या मुलाची आहे गो. तूही बस कधी. भाडं नाही, आणि जागा आहे."