दोन डगरींवरचे पाय

दोन डगरींवर पाय ठेवू नयेत, असे आपल्याकडे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. मास्तरकी सांभाळून कादंबऱ्या लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला तर हे वर्षातून दोनदा तरी ऐकावे लागते. शाळेत म्हणतात, याचे चित्त पुस्तकात. प्रकाशक म्हणतात, याचे चित्त शाळेत. म्हणूनच की काय, 'फोर्ड व्ही फेरारी' हा बोलपट पाहताना माझे लक्ष नायकापेक्षा कडेला उभ्या असलेल्या माणसांकडे अधिक गेले.

हा बोलपट 2019 सालचा. दिग्दर्शक जेम्स मॅनगोल्ड. फ्रान्समधल्या ल माँ या गावी दरवर्षी चोवीस तासांची मोटारशर्यत होते. एका मोटारीला तेव्हा दोन चालक असत, आळीपाळीने चालवीत. 1960 ते 1965 अशी सलग सहा वर्षे ही शर्यत इटलीच्या फेरारीने जिंकली. 1963 मध्ये अमेरिकेतल्या फोर्डने फेरारीचा कारखानाच विकत घ्यायचा घाट घातला; तो बेत ऐन वेळी फिसकटला, आणि अपमानाने पेटलेल्या फोर्डने ल माँला फेरारीची खोड मोडायचे ठरवले. मोटार तयार करून घेणारा कॅरल शेल्बी आणि ती चालवणारा तिरसट, तोंडाळ इंग्रज केन माइल्स, ही कथेची जोडी.

बोलपट रंगला आहे यात शंका नाही. क्रिस्तियन बेलने माइल्स असा उभा केला आहे की, या माणसाशी भांडावे आणि मग त्याच्याच घरी चहा प्यावा असे वाटते. धनाढ्य हेन्री फोर्ड मोटारीत बसून एक फेरी मारून येतो आणि लहान मुलासारखा रडू लागतो, तो प्रसंग तर मुद्दाम दोनदा पाहावा. घरातल्या मुलांना बरोबर घेऊन बसायला हरकत नाही. चार शिव्या कानांवर येतील, तेवढ्या सोसाव्यात.

माझी तक्रार आहे ती नावातल्या 'व्ही' या अक्षराविषयी. 'विरुद्ध' असा त्याचा अर्थ, आणि तो अर्थ बोलपटाने फारच मनावर घेतला आहे. इकडे फोर्डचे सैन्य, तिकडे फेरारीचे, मध्ये खंदक! प्रत्यक्षात त्या काळच्या चालकांना असा खंदक ठाऊकच नव्हता. फिल हिल हा 1961 चा जगज्जेता फेरारीच्या मोटारीत झाला, ल माँची शर्यत त्याने फेरारीसाठी तीनदा जिंकली; आणि 1965 साली तोच तेथे फोर्डची मोटार चालवीत होता. पुढच्या वर्षी तो चॅपरल नावाच्या तिसऱ्याच मोटारीत! याला कोणी फितुरी म्हटले नाही. एकाकडे ग्रां प्रीचा करार, दुसऱ्याकडे लांब पल्ल्याच्या शर्यतींचा, तिसऱ्याकडे अमेरिकेतल्या शर्यतींचा, अशी ती पोटापाण्याची व्यवस्था होती. टायरचा करार आणखी वेगळा. 1966 च्या ल माँला ब्रूस मॅक्लॅरन फोर्डच्या मोटारीत बसला, पण त्याचा करार फायरस्टोनशी असल्यामुळे चाकांना टायर फायरस्टोनचे. ते फाटू लागले तेव्हा मध्येच गुडइयरचे चढवावे लागले. हा मॅक्लॅरन त्याच वर्षी ग्रां प्रीमध्ये स्वतःच्या नावाची मोटार उतरवून स्वतः मालकही झाला होता.

आता बोलपटाने काय केले ते पाहा. 1965 साली माइल्सला ल माँला नेतच नाहीत. तो बिचारा इकडे कारखान्यात बसून रेडिओ ऐकतो. प्रसंग हृद्य आहे. पण खरा माइल्स त्या वर्षी ल माँला होता, फोर्डचीच मोटार चालवीत होता, आणि त्या मोटारीतला त्याचा जोडीदार होता ब्रूस मॅक्लॅरन. म्हणजे 1966 च्या जूनमध्ये ज्या मॅक्लॅरनच्या पदरात माइल्सच्या हातचा विजय पडला, तो वर्षापूर्वी त्याच्याच मोटारीत, त्याच्याच आसनावर बसलेला होता! फोर्डच्या मोटारी एका रांगेत समाप्तीरेषा ओलांडतील असे वरिष्ठांनी ठरवले, माइल्सने वेग कमी केला, आणि मॅक्लॅरनची मोटार आरंभी मागे उभी होती म्हणून तिने अधिक अंतर तोडले असा निर्णय झाला. हे शल्य परक्याने दिलेले नव्हते. कादंबरीकाराला असा योग आयुष्यात एकदा मिळाला तर तो देवाला नारळ फोडील. येथे तो हाती असून टाकून दिला, आणि बदल्यात कोटटाय घातलेला एक खलनायक उभा केला.

तीच गत डेनी हल्मची. 1966 ला माइल्सच्या मोटारीचा हा दुसरा चालक. बोलपटात तो डोळ्यांना दिसेल न दिसेल इतकाच आहे. चोवीस तास जणू माइल्सच एकटा जागा होता. हा हल्म 1967 मध्ये ग्रां प्रीत ब्रॅबमच्या संघात होता आणि आपल्याच मालकाला, जॅक ब्रॅबमला, मागे टाकून जगज्जेता झाला. त्याच वर्षी अमेरिकेत इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत चौथा आला, ल माँला पुन्हा फोर्ड चालवली, आणि वर्षाच्या उत्तरार्धात कॅनडा-अमेरिकेतल्या शर्यतींत मॅक्लॅरनच्या संघातून उतरला. ब्रॅबम आणि मॅक्लॅरन ग्रां प्रीत एकमेकांचे प्रतिस्पर्धी! अशा माणसाची निष्ठा कोणाशी, असे शेल्बीच्या बैठकीत कोणी विचारले असते तर? मला वाटते, ज्या मोटारीत बसला तिच्याशी, ध्वज पडेपर्यंत. जॉन सर्टीसने 1966 च्या जूनमध्ये फेरारीला बेल्जियमची ग्रां प्री जिंकून दिली, त्याच महिन्यात ल माँला चालकांच्या नेमणुकीवरून खटका उडाला, आणि तो फेरारी सोडून कूपरकडे गेला. बेल्जियमच्या पावसात त्याने कसूर केली होती असे कोण म्हणेल?

बोलपट म्हणजे इतिहासाचे पुस्तक नव्हे, असे यावर सांगितले जाते. कबूल. मीही घडलेल्या गोष्टी उलटसुलट करूनच पोट भरतो. पण बदल केल्यावर गोष्ट मोठी व्हावी, एवढी अट असावी. येथे ती लहान झाली आहे. दोन झेंड्यांचे भांडण मुलांनाही कळते. एकाच माणसाच्या अंगावर आज हा आणि उद्या तो झेंडा असताना त्याचे शील कशावरून ओळखायचे, हा प्रश्न मोठ्यांचा होता, आणि तो या माणसांच्या चरित्रांत आयता पडला होता.

17 ऑगस्ट 1966 रोजी कॅलिफोर्नियात फोर्डच्या नव्या मोटारीची चाचणी घेताना केन माइल्सचा अंत झाला. त्यानंतर थोडक्यात बोलपटही आवरतो. त्याच्या पुढचे एक दृश्य कोणी चितारलेले नाही. 1967 च्या फेब्रुवारीत डेटोनाला चोवीस तासांची शर्यत झाली. ल माँचे उट्टे काढण्यासाठी फेरारीने आपल्या तीन मोटारी शेजारी-शेजारी आणून समाप्तीरेषा ओलांडली, आणि तीही फोर्डच्या मायभूमीत. पहिल्या आलेल्या मोटारीचे चालक दोघे : एक इटलीचा लोरेन्झो बँडिनी. दुसरा न्यूझीलंडचा ख्रिस एमन, आठ महिन्यांपूर्वी ल माँला फोर्डच्या विजयी मोटारीत मॅक्लॅरनचा जोडीदार होता तोच.