२६ टक्के म्हणजे किती जणी?

रिद्धपूरला घरी गेले की माझी खरी व्हायवा काकूच घेते. या वेळी भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "पाळी गेल्यावरच्या गोळ्यायनं क्यान्सर होते म्हंतेत, खरं हाये का वं?" काकू चव्वेचाळीसची. अडतिसाव्या वर्षी तिचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून अंगातून वाफा निघतात, रात्रीची झोप गेली. मी फाडकन सांगितलं, "हो, २६ टक्के धोका वाढतो." आकडा बरोबर होता, पण उत्तर चुकलं. तुमच्या प्रपोजलमध्ये असलं वाक्य येण्याआधी ते कसं चुकलं ते बघा.

हा आकडा अमेरिकेच्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'चा, जुलै २००२ मध्ये छापलेला. १६,६०८ बायका. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची गोळी दिली, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. स्तनाचा कर्करोग वर्षाला दर दहा हजारांत पहिल्या गटात ३८ जणींना झाला, दुसऱ्यात ३० जणींना. तिसावर आठ वाढले म्हणून २६ टक्के. दहा हजारांत आठ जास्त, हेही तेच. बातम्यांनी पहिला आकडा उचलला आणि जगभर लाखो बायकांनी गोळ्या सोडल्या.

अभ्यासाला मोडीत काढू नका. त्याआधीच्या निरीक्षणात्मक अभ्यासांत गोळी घेणाऱ्यांची हृदयं ठणठणीत दिसत होती. पण गोळी घेणाऱ्या मुळातच सुखवस्तू आणि तब्येतीला जपणाऱ्या होत्या. तो भ्रम या चाचणीनं फोडला. माझी तक्रार वेगळी आहे. त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३, आणि चाचणीचा मुख्य प्रश्न होता हृदयविकाराचा. पन्नाशीच्या आत वाफांनी हैराण झालेल्या बाईबद्दल तिथं कोणी विचारलंच नव्हतं.

शिवाय काकूला गर्भपिशवीच नाही. अशा १०,७३९ बायकांची वेगळी चाचणी झाली, त्यात नुसतं इस्ट्रोजेन दिलं. २००४ चा निकाल दहा हजारांत २६ विरुद्ध ३३, म्हणजे गोळीवाल्या गटातच कर्करोग कमी! लगेच टाळ्या वाजवू नका. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'नं जगभरचे निरीक्षणात्मक अभ्यास एकत्र मांडले. पन्नाशीला सुरू करून पाच वर्षं रोज जोडगोळी घेतली, तर पुढच्या वीस वर्षांत पन्नास जणींमागे एक जादा कर्करोग. नुसत्या इस्ट्रोजेननं दोनशेंमागे एक. एक पुरावा चिठ्ठ्यांचा, पण वयस्क बायकांवरचा. दुसरा योग्य वयाचा, पण चिठ्ठ्यांविना. मला पहिला जास्त पटतो, तरी यावर पैज लावणार नाही.

काकू काही अपवाद नाही. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तेव्हाच्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. यांतल्या ज्यांची अंडाशयंही चाळिशीच्या आत गेली, त्यांची तुलना कोणाशी करायची? पाळी गेलेल्या ६३ वर्षांच्या बाईशी नाही. त्यांच्याच वयाच्या, पाळी चालू असलेल्या बाईशी, कारण तिचं शरीर तेच इस्ट्रोजेन आपसूक बनवतंय. अशा वेळी नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन देणं म्हणजे गेलेलं परत भरणं. त्याला २००२ चा आकडा चिकटवणं चूकच.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी काकूला उलट प्रश्न केला, "अंडाशयं ठेवली होती की तीही काढली?" तिनं ट्रंकेतून पिशवी काढली. बिलं होती, सोनोग्राफीचा फोटो होता. डिस्चार्ज कार्डावर फक्त "ऑपरेशन केले" एवढंच लिहिलं होतं.