पानात ठेवलेले बोट

लहानपणी वाचलेल्या पुस्तकांविषयी मोठेपणी लिहू लागले की मनुष्य पुस्तकाविषयी थोडे आणि स्वतःविषयी फार लिहितो. पुस्तक बाजूला राहते. त्या वेळचे घर, त्या वेळची सुट्टी, आईने हाक मारली तरी न उठण्याचे सुख ह्यांचेच वर्णन होते, आणि फराळाच्या ताटापुढे बसलेला वाचकही आपल्या आठवणींत रमून लेखकाला गुण देऊन टाकतो. ज्या पुस्तकांविषयी मला लिहावयाचे आहे त्यांच्या वाट्याला हा गहिवर फारच आला. माझ्या वयाची, म्हणजे आज पन्नाशी ओलांडलेली, चांगली शहाणी माणसे त्यांचे नाव काढताच विरघळतात. म्हणून ह्या लेखात थोडे कोरडे राहण्याचा माझा विचार आहे. तो शेवटपर्यंत टिकेलच असे नाही.

इंग्रजीत त्यांना गेमबुक म्हणतात. पुस्तक साधे, खिशात मावेल एवढे. पण आतला मजकूर क्रमांक घातलेल्या तुकड्यांत कापलेला. पहिला तुकडा वाचावयाचा. त्याच्या शेवटी वाट फुटते: दार उघडायचे असेल तर अमुक क्रमांकावर जा, पुढे चालायचे असेल तर तमुक क्रमांकावर. तिथे गेले की पुन्हा वाट फुटते. कथेचा नायक कोणी राजपुत्र नसतो, तर वाचणाराच असतो. ही कल्पना एडवर्ड पॅकर्ड ह्या अमेरिकन वकिलाला मुलींना झोपताना गोष्ट सांगत असता सुचली. एके रात्री गोष्ट पुढे सरकेना, तेव्हा त्यांनी मुलींनाच विचारले, पुढे काय करावे? त्या प्रश्नातून १९७९ साली ‘द केव्ह ऑफ टाइम’ हे पुस्तक आणि त्यामागून एक लांबलचक माला निघाली. १९८२ साली इंग्लंडात स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन ह्या दोघांनी ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ लिहून तीत फासे आणले. चारशे तुकडे, दोन फासे, एक पेन्सिल. वाचणाऱ्याने सुरुवातीलाच फासे टाकून आपले कौशल्य, आपला दम आणि आपले नशीब किती, ते कागदावर मांडावयाचे आणि मग जादूगाराच्या डोंगरात शिरावयाचे. त्या ‘फायटिंग फँटसी’ मालेची १९९५ पर्यंत एकोणसाठ पुस्तके निघाली.

त्याच १९८२ साली आमच्या पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. ह्या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण माझ्या डोक्यात त्या शेजारीशेजारीच पडून आहेत. कारखान्यांच्या भोंग्यांवर घरातली घड्याळे लावण्याचा तो काळ. वडील टूलरूममध्ये, पहिली पाळी. ते झोपले की दुपारी आवाज करावयाचा नाही. अशा घरात एकट्याने, मुकाट्याने खेळता येणारा खेळ हे वरदानच होते. पुस्तके रद्दीवाल्याकडून येत. पुढच्या पानावरच्या चौकटींत आधीच्या कोणा अज्ञात मुलाचे आकडे पेन्सिलीने लिहिलेले आणि खोडलेले असत. दम १९, मग १५, मग ७, मग काहीच नाही. तो कोठे मेला हे मी तर्काने शोधीत असे. वडिलांनी आणलेल्या अमोनिया प्रिंटच्या कोऱ्या पाठीवर मी त्या डोंगराचा नकाशा काढी. एकदा त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि ‘ह्यात परत यायची वाट कुठाय?’ एवढेच विचारले. समीक्षा ह्यालाच म्हणतात, असे मला आता वाटते.

आता ह्या पुस्तकांचे चाहते त्यांची थोरवी कशात सांगतात? स्वातंत्र्यात. इतर पुस्तके मुलाला धरून नेतात, ही मात्र त्याला निवड करू देतात, असे ते म्हणतात. हे मला पटत नाही. डावीकडे की उजवीकडे, असे विचारले आणि दोन्हींकडे काय आहे ह्याचा मागमूसही दिला नाही, तर त्याला निवड म्हणावे की चिठ्ठी उचलणे? लिव्हिंगस्टन ह्यांचे ‘डेथट्रॅप डंजन’ (१९८४) घ्या. त्या भुयारातून सुटावयाचे तर ठराविक रत्ने गोळा केलेली असलीच पाहिजेत. एक जरी राहिले तरी शेवटच्या दाराशी मरण ठरलेले, मग वाटेत तुम्ही केवढेही शौर्य गाजवलेले असो. खरी वाट एकच, बाकीच्या चकवा. लेखकाच्या मनात काय आहे ते ओळखण्याची ही परीक्षा झाली, आणि तशा परीक्षा आम्हाला शाळेत पुष्कळ होत्या. गद्याविषयी तर बोलूच नये. राक्षस कुजका वास घेऊन येतो, तलवार लखलखते, दार करकरते.

मग ती पुस्तके मनातून जात का नाहीत? मला त्यांची दोन कारणे दिसतात, आणि दोन्ही स्वातंत्र्याच्या अगदी उलट बाजूची आहेत.

पहिले कारण नशिबाचे. ह्या खेळात नशीब हा एक आकडा असतो, समजा दहा. संकटात सापडलात तर नशीब अजमावता येते: दोन फासे टाका, बेरीज दहा किंवा कमी आली तर सुटलात. पण सुटा वा न सुटा, एकदा अजमावले की नशीब एकाने घटते. पुढच्या वेळी नऊ, मग आठ. ह्या एका नियमात मला त्या लेखकांची खरी प्रतिभा दिसते. आपल्याकडे नशीब कपाळी लिहिलेले असते. ते वापरल्याने झिजते असे कोणी सांगितले नव्हते. ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडलेल्या मोक्षपटात सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप आहेत. पण कोणत्या घरात पडावयाचे ते कवड्या ठरवतात, खेळणारा नुसता बसलेला असतो. इथे दहा वर्षांच्या पोराला राखून वापरावयाची एक चीज मिळाली. हातात आठ उरले असता अजमावावे की जखम सोसावी, ह्या विचारात मी जेवढा वेळ घालवला तेवढा डावे-उजवे करण्यात कधी घालवला नाही.

दुसरे कारण बोटाचे. ज्याने ही पुस्तके वाचली त्याला हे बोट सांगावयास नको. नव्या क्रमांकावर जाताना जुन्या पानात बोट ठेवून जावयाचे. पुढे मरण निघाले तर परत. एक बोट, मग दुसरे, कधी चार बोटे चार पानांत. हे सगळेच करीत आणि कोणीच कबूल करीत नसे. नियमाप्रमाणे मेलात की पहिल्यापासून. पण नियम पाळला की नाही हे पाहणारे घरात, शाळेत, जगात कोणीही नव्हते. लहान मुलाच्या आयुष्यात असे क्षण थोडे. अभ्यासाला मास्तर, खेळाला गडी, देवाला आजी, प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी पाहणारे असतेच. ह्या पुस्तकात मात्र मरावयाचे की नाही हे त्याचे त्यालाच ठरवावे लागे. माझी बोटे केव्हा पानात राहत आणि केव्हा मी ती काढून घेई हे मला आज नीट सांगता येते. वाचलेल्या राक्षसांपैकी एकाचेही नाव सांगता येत नाही.

लेखकांनाही हे ठाऊक होते. फायरटॉपच्या अखेरीस जादूगाराची पेटी किल्ल्यांनी उघडते. किल्ल्यांवर आकडे, त्यांची बेरीज हाच पुढच्या तुकड्याचा क्रमांक. ज्याने किल्ल्या जमवल्याच नाहीत त्याने पानात कितीही बोटे ठेवली तरी व्यर्थ. पॅकर्ड ह्यांनी ह्याच्या उलट केले. ‘इनसाइड यूएफओ ५४-४०’ ह्या १९८२ च्या पुस्तकात अल्टिमा नावाचे एक सुखाचे स्थान आहे. तिथे नेणारी वाट पुस्तकात एकही नाही. सगळे नियम पाळणारा वाचक तिथे कधीच पोचत नाही. ज्याने कंटाळून, चिडून भलतीच पाने चाळली त्यालाच ते पान सापडते. ह्या सबंध वाङ्मयप्रकारात एवढी धिटाई दुसऱ्या कोणी केलेली मला आढळली नाही.

आम्हाला हे सारे इंग्रजीत मिळाले, शब्दकोश मांडीवर घेऊन. मराठीत आमच्याजवळ काय होते? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता, आणि तो जवळच्याच फुरसुंगीचा असल्याने आमचाच होता. पण फेणे संकटात उडी घेई तेव्हा आम्ही काठावरून पाहत असू. त्याहून जवळचा नातलग वेताळ. उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर डोक्याची शकले होतील, आणि बोललास तर मी पुन्हा झाडावर! हा पेच गेमबुकाचाच आहे, आणि पुन्हा झाडापाशी जाणे म्हणजे क्रमांक एकवर जाणे. फरक इतकाच, की प्रेत विक्रमाच्या खांद्यावर असते, आमच्या नव्हे.

ते आमच्या खांद्यावर यावयाचे तर भाषेत ‘तू’ हवा. आणि इथे मराठी लेखकाची खरी कसोटी आहे. इंग्रजीतला ‘यू’ मुलगा की मुलगी, लहान की मोठा, काही विचारीत नाही. मराठीत ‘तू गुहेत शिरतोस’ म्हटले की निम्मे वाचक गुहेबाहेर उभे राहिले. हे मला घरीच कळले. रावेतला, पवनेच्या काठी आता उंच इमारती झाल्या आहेत, त्यांतल्या एकीत मी राहतो. सुट्टीत भाची आली होती, म्हणून फायरटॉपचे पहिले पान तिला तोंडी मराठीत सांगू लागलो. दुसऱ्याच वाक्याला तिने मला थांबवले: ‘मामा, शिरतेस.’ मी ‘तुम्ही शिरता’ करून पाहिले. तिला हसू आले, आणि ते बरोबरच होते. राक्षसासमोर उभ्या असलेल्या पोराला ‘तुम्ही’ म्हणणे म्हणजे त्याच्या हातातली तलवार काढून अर्जाचा कागद देणे आहे.

पण मग लक्षात आले, की मराठीला ह्यातून निसटता येते, आणि फार सुंदर रीतीने. ‘तुला पाण्याचा आवाज ऐकू येतो.’ ‘तुझ्या हाताला गार लोखंड लागते.’ ‘तू दार ढकललेस.’ ह्यांत मुलगा नाही, मुलगी नाही. नुसते ‘तू’ आहे, आणि इंग्रजीतल्याहून ते जास्त जवळचे आहे, कारण ऐकू येणे, हाताला लागणे, भीती वाटणे ह्या गोष्टी आपली भाषा माणसाकडून करवीत नाही, त्याच्याकडे आणते. अंधाऱ्या भुयारात नायकाची स्थिती नेमकी तशीच असते. चारशे तुकडे असे लिहावयाचे म्हणजे ‘गेलास’ आणि ‘गेलीस’ ह्यांच्यावाचून माणसाला चालते ठेवावयाचे. हे कठीण आहे, आणि कोणा चांगल्या लेखकाने करावे इतके मोलाचेही आहे. डोंगर परका कशाला हवा? रावेतच्या बंधाऱ्यावर शहरासाठी पाणी उचलतात. रात्रपाळी, पाण्याचा घोष, एक बंद लोखंडी दार, एवढे साहित्य पुरे आहे.

अडचण एकच, आणि ती छापखान्याची. साध्या कादंबरीत आकडा चुकला तर पान चुकते. ह्या पुस्तकात आकडा चुकला तर वाचक मरतो. आपल्याकडील मुद्रितशोधनाची रीत पाहता चारशेपैकी निदान दहा मुले भलत्याच दारातून भलत्याच राक्षसापुढे जाऊन पडतील. भाचीला मी ही भीती सांगितली. ती तोवर माझ्या जुन्या प्रतीवर पालथी पडली होती आणि तिची तीन बोटे तीन पानांत होती.