असिमॉव्हच्या विश्वातले खेचर

विज्ञानकथांमध्ये परग्रहांवरच्या चमत्कारिक जीवांना तोटा नसतो. घोडा, गाढव, बैल ही आपली घरगुती जनावरे मात्र तेथे क्वचितच भेटतात. आयझॅक असिमॉव्ह यांच्या 'फाउंडेशन' मालिकेत एक खेचर आहे, पण ते चार पायांचे नाही. ते एका माणसाने स्वतःला घेतलेले नाव आहे. या मालिकेची पहिली कथा १९४२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि शेवटचे पुस्तक असिमॉव्ह यांच्या मृत्यूनंतर १९९३ मध्ये आले. अर्ध्या शतकाच्या या लेखनात सर्वांत जास्त लक्षात राहणारे पात्र कोणते असे विचारले, तर बहुतेक वाचक 'द म्यूल', म्हणजे खेचर, याचेच नाव घेतील. हे नाव जीवशास्त्राच्या कसोटीवर किती उतरते, हे विज्ञान शिकवणाऱ्यांनी एकदा तपासून पाहण्यासारखे आहे. (कादंबरी अजून वाचायची असेल त्यांना आधीच सांगतो, पुढे रहस्य उघड केले आहे.)

मालिकेची मूळ कल्पना थोडक्यात अशी. सुमारे अडीच कोटी वसलेल्या ग्रहांचे साम्राज्य मोडकळीला आले आहे. हॅरी सेल्डन हा गणिती 'मनोइतिहास' नावाचे शास्त्र उभारतो. वायूचा एक रेणू पुढच्या क्षणी कोठे जाईल हे सांगता येत नाही, पण अब्जावधी रेणूंचा मिळून दाब किती होईल हे अचूक सांगता येते. माणसांचेही तसेच, असे सेल्डनचे गृहीतक आहे. साम्राज्य कोसळल्यावर येणारे ३०,००० वर्षांचे अंधारयुग १,००० वर्षांवर आणता येईल असे गणित तो मांडतो आणि त्यासाठी आकाशगंगेच्या कडेला फाउंडेशनची स्थापना करतो. अडचणीच्या प्रत्येक वळणावर सेल्डनची आधीच मुद्रित करून ठेवलेली प्रतिमा प्रकट होते, आणि तिने सांगितलेले खरे ठरते.

यात कथालेखकाची पंचाईत अशी, की सगळे आधीच ठरलेले असेल तर वाचकाला उत्कंठा कसली? संपादक जॉन कँपबेल यांनी ती ओळखली आणि सेल्डनची योजना मोडून दाखव, असा आग्रह धरला. असिमॉव्ह प्रथम हबकलेच. मग त्यांनी 'द म्यूल' लिहिली. १९४५ च्या नोव्हेंबर आणि डिसेंबर अंकांत ती 'अस्टाउंडिंग' मासिकात आली आणि १९५२ मध्ये 'फाउंडेशन अँड एम्पायर' या पुस्तकात समाविष्ट झाली. स्थापनेनंतर सुमारे ३०० वर्षांनी सेल्डनची प्रतिमा पुन्हा बोलू लागते, पण ती भलत्याच संकटाविषयी बोलते. खरे संकट तिच्या हिशोबातच नसते. इतरांच्या भावना हव्या तशा वळवू शकणारा एक माणूस जन्माला आलेला असतो. रेणूंच्या गर्दीत एकच रेणू असा निघाला, की तो बाकीच्यांना दिशा देऊ लागला. विज्ञानकथेच्या इतिहासात संख्याशास्त्राच्या मर्यादेवर इतके नेमके बोट क्वचितच कोणी ठेवले असेल.

हा म्यूल सगळ्या कथेत मॅग्निफिको नावाच्या भेदरट, हडकुळ्या विदूषकाच्या वेषात आपल्या समोरच वावरत असतो. शेवटी तो स्वतःची ओळख देतो, तेव्हा नावाचाही उलगडा होतो. ते त्याने बळासाठी घेतलेले नाही. खेचराला वंश नसतो, आणि त्यालाही मूल होणार नाही.

असिमॉव्ह यांना हे वंध्यत्व का हवे होते? उत्तर कथेच्या गणितात आहे. एकच अपवाद असेल तर योजना डळमळते, पण पुन्हा सावरू शकते. त्या अपवादाला मुलेबाळे झाली आणि त्याची शक्ती पुढच्या पिढ्यांत पसरली, तर अपवादाचाच नियम होईल आणि सेल्डनचे शास्त्र कायमचे निकालात निघेल. म्हणून लेखकाने म्यूलच्या हाती आकाशगंगा दिली, पण वारस दिला नाही. स्वतः उभ्या केलेल्या संकटाला त्याने जीवशास्त्राचे कुंपण घातले. रचना म्हणून हे फार हुशारीचे आहे.

माझी हरकत याच्या पुढच्या पायरीला आहे. कथेतला म्यूल 'म्यूटंट', म्हणजे उत्परिवर्ती आहे. १९२७ मध्ये हर्मन म्युलर यांनी क्ष-किरणांमुळे उत्परिवर्तने होतात हे दाखवले होते. त्यानंतर विज्ञानकथांत उत्परिवर्ती माणसांचा सुकाळ झाला, त्यांतलाच हा एक. पण खेचर हा उत्परिवर्ती प्राणी नाही. ते संकरित आहे. घोडी आई आणि गाढव बाप असला की खेचर होते. (घोडा बाप आणि गाढवी आई असेल तर जे अपत्य होते त्याला इंग्रजीत 'हिनी' म्हणतात.) उत्परिवर्तन म्हणजे जनुकात झालेला बदल, आणि संकर म्हणजे दोन वेगळ्या वारशांची एका देहात पडलेली गाठ. खेचराच्या आईचे जनुक नीट असतात, बापाचेही नीट असतात, तरीही ते वांझ निघते. बिघाड कोठेच नाही, जमत नाही ते फक्त जोडीत.

घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रे असतात, गाढवाच्या ६२. खेचराच्या वाट्याला ३२ आणि ३१ मिळून ६३ येतात. कर्ट बेनिर्श्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९६२ मध्ये प्रसिद्ध केले, म्हणजे असिमॉव्ह यांनी कथा लिहिली तेव्हा हे आकडे त्यांच्यापुढे नव्हते. माणसाची गुणसूत्रे ४८ असतात असाच त्या काळी समज होता. ४६ हा आकडा १९५६ मध्ये निश्चित झाला. तेव्हा त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मात्र '६३ विषम आहे, म्हणून खेचर वांझ' असे वर्गात एका वाक्यात सांगितले जाते, ते अपुरे आहे. प्रझेवाल्स्कीच्या रानघोड्यात ६६ गुणसूत्रे असतात. पाळीव घोड्याशी त्याचा संकर झाला तर अपत्यात ६५ येतात. हीही विषम संख्याच, तरी ते अपत्य प्रजननक्षम असते. कारण त्या दोन घोड्यांची गुणसूत्रे रचनेने इतकी जवळची आहेत, की अर्धसूत्री विभाजनाच्या वेळी त्यांना आपापले जोडीदार सापडतात. घोडा आणि गाढव यांच्या गुणसूत्रांची अंतर्गत मांडणीच बरीच वेगळी आहे. जोड्या नीट जुळत नाहीत, आणि बीजपेशी बहुधा तयारच होत नाहीत.

संकर आणि वंध्यत्व यांची अशीच गल्लत आपल्या शेतकरी घरांतल्या मुलांच्या मनातही असते. संकरित ज्वारीचे दाणे पुढच्या वर्षी पेरू नयेत हे त्यांनी ऐकलेले असते, म्हणून ते बी खेचरासारखे वांझ असणार असे ती धरून चालतात. ते बी उगवते, कणसेही येतात. फक्त दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात आणि पीक एकसारखे राहत नाही. म्यूलच्या गोष्टीवरून हा फरक वर्गात चांगला रंगवता येईल.

आता गाढवाकडे वळू. कथेच्या या भागात कोठेही गाढव नाही, घोडीही नाही. पण नावाचा अर्थ लागायला खेचर ठाऊक असावे लागते, आणि खेचर ही अशी गोष्ट आहे की जिची परंपरा राखता येत नाही. प्रत्येक खेचर नव्याने घडवावे लागते, त्यासाठी दोन्ही जाती जवळपास नांदत असाव्या लागतात. या साम्राज्यातल्या लोकांना पृथ्वी कोठे होती याचा विसर पडला आहे. तरीही 'खेचर' शब्द जिवंत आहे आणि त्याचा वंध्यत्वाशी असलेला संबंधही. म्हणजे माणसांनी तारकांकडे जाताना घोड्यांबरोबर गाढवेही नेली असणार आणि कित्येक सहस्रके पाळली असणार! असिमॉव्ह यांनी हा विचार केला असेल असे वाटत नाही. त्यांनी १९४५ च्या अमेरिकी वाचकाच्या ओळखीचे जनावर उचलून दूरच्या भविष्यात ठेवून दिले. मराठी अनुवादकाला मात्र येथे एक श्लेष फुकट मिळतो. आपल्याकडे 'खेचर' म्हणजे आकाशात संचार करणाराही. तो शब्द संस्कृतातल्या 'ख' म्हणजे आकाश यावरून आलेला, आणि जनावराचे नाव हिंदीतल्या 'खच्चर'चे भाऊबंद.

खेचराला वंश नसतो, हा नियमही शंभर टक्के नाही. काही मोजक्या खेचर माद्यांनी शिंगरे दिल्याच्या नोंदी आहेत. हिरोडोटसने तर याची एक कथाच सांगितली आहे. दरायसने बॅबिलोनला वेढा घातला असताना तटावरून कोणी टोमणा मारला, की खेचरे वितील तेव्हा तुम्ही शहर घ्याल. विसाव्या महिन्यात झोपायरस या सरदाराच्या खेचराला शिंगरू झाले, त्याने तो शकुन मानला आणि शहर पडले. कथा खरी असो वा नसो, 'बहुधा घडत नाही' याला 'कधीच घडणार नाही' समजण्याची चूक बॅबिलोनच्या तटावर झाली, तीच सेल्डनच्या गणितात झाली. हा धागा असिमॉव्ह यांनी हाती घेतला असता तर? अपवादाला पुन्हा अपवाद, म्हणजे म्यूलला मूल! कथा तेथून कितीतरी अवघड झाली असती.

एक गोष्ट मनाला अधिक लागते. डार्विनने दक्षिण अमेरिकेत खेचरे पाहिली आणि आईबापांपेक्षा त्यांच्यात समज, चिवटपणा, दम आणि आयुष्य जास्त, याचे त्याने नवल केले. केदारनाथच्या वाटेवर खेचरावर बसलेल्या कोणालाही हे पटेल. कथेत यातले काही नाही. तेथे खेचर म्हणजे फक्त वांझ. म्यूलची आई त्याच्या जन्मावेळीच गेली, बाप ठाऊक नाही, रूपावरून त्याची आयुष्यभर टर उडवली गेली, आणि त्याच्या सत्तेच्या हव्यासामागे लेखकाने हेच कारण ठेवले आहे. मूल नसणे आणि रूप नसणे यांतून दुष्टपणा येतो, असे समीकरण वाचकाच्या मनात नकळत बसते. विद्यार्थ्यांबरोबर ही कादंबरी वाचताना याबद्दल बोलायला हवे. वर्गात कोणीतरी एखादे चिडवण्याचे नाव मुकाट सोसत असतोच.

असिमॉव्ह यांच्या बाजूने एवढे म्हणता येते, की म्यूलला हरवणारी गोष्ट वंध्यत्व नाही. बेटा डॅरेल ही तरुणी त्या विदूषकाशी आपण होऊन मायेने वागते. आयुष्यात प्रथमच कोणाला तरी आपण न वळवता आवडलो, म्हणून तो तिच्या मनाला हात लावत नाही. त्यामुळेच तिची बुद्धी शाबूत राहते. दुसऱ्या फाउंडेशनचा ठावठिकाणा एबलिंग मिसच्या ओठांवर येतो त्या क्षणी ती त्याला गोळी घालते, आणि म्यूलच्या हाती काही लागत नाही. गुणसूत्रांची सगळी चर्चा बाजूला ठेवली तरी ही पाने टिकतील.

पुढे 'फाउंडेशन्स एज' (१९८२) मध्ये असिमॉव्ह यांनी म्यूलचा उगमच बदलला. तो गाया नावाच्या ग्रहावरून भरकटलेला निघाला, जेथे मनावर ताबा ठेवण्याची शक्ती सर्वांनाच आहे. मालिकेचे धागे जुळवायला ते सोयीचे झाले असेल. पण एकट्या पडलेल्या त्या विदूषकाला अशी सगळी जातकुळी मिळाली, आणि त्याने स्वतःला घेतलेल्या नावातला जोर गेला. मला विचाराल तर १९४५ ची कथाच वाचावी.